मदत हवी आहे: सेकंड पीयूसीतून (म्हणजे बारावीतून) अमेरिकेला अर्ज करायचाय, कौन्सेलर कुठून आणू?

नमस्कार मंडळी. मी खानापूर तालुक्यातली. दहावीपर्यंत गावच्या मराठी हायस्कुलात होते, आता बेळगावात सेकंड पीयूसी सायन्सला आहे, रोज एसटीनं ये-जा. बारावीनंतर अमेरिकेत शिकायचं डोक्यात घेतलंय. घरी तेवढे पैसे नाहीत, त्यामुळे पूर्ण आर्थिक मदत देणारीच कॉलेजं बघतेय. 'कॉमन अ‍ॅप' म्हणजे तिकडच्या बऱ्याच कॉलेजांना एकाच ठिकाणाहून अर्ज करायची वेबसाईट, तिचे नवे अर्ज १ ऑगस्टला सुरू होतात. आत्ताच खातं काढून बघितलं आणि तिथंच अडकले.

'स्कूल रिपोर्ट', म्हणजे शाळेनं मुलाबद्दल द्यायची माहिती, म्हणे कौन्सेलरनं (शाळेतल्या मार्गदर्शकानं) भरायचा. आमच्या कॉलेजात असला कोणी नाही. ऑफिसात विचारलं तर क्लार्क म्हणाले, "टीसी पाहिजे काय? ती निकालानंतर." दोनदा समजावलं, तिसऱ्यांदा त्यांनी बोनाफाईड हातात ठेवलं. तेही कन्नडमध्ये.

दुसरं, नववीपासूनचे गुण मागतात. नववीचं प्रगतिपत्रक मराठीत, बाईंच्या हातचं, भूमितीच्या रकान्यावर शाईचा डाग. एसएसएलसीचं (दहावीचं) मार्क्सकार्ड कन्नड-इंग्रजीत आहे, पण पहिली भाषा मराठी १२५ पैकी, बाकी विषय १०० पैकी, एकूण ६२५. हे जीपीएत, म्हणजे तिकडच्या सरासरी गुणांकात, कसं बसवायचं? नाडकचेरीतून (सरकारी महसूल ऑफिसातून) आणलेला उत्पन्नाचा दाखला तर पूर्ण कन्नड. भाषांतर कुणाचं चालतं?

तिसरं, माझा जन्म २००८ चा, जन्मदाखल्यावर इंग्रजीत 'बेल्गाम'. २०१४ नंतरच्या कागदांवर 'बेळगावी'. बोलण्यात बेळगाव. तिकडच्या माणसाला ही तीन गावं वाटतील! पासपोर्टचा अर्ज अजून करायचाय.

आणि बऱ्याच ठिकाणी अर्ली (लवकरच्या फेरीच्या) अर्जाची मुदत १ नोव्हेंबर. त्या दिवशी कर्नाटक सरकारचा राज्योत्सव, आमच्या गल्लीत मराठी लोकांचा काळा दिवस, कॉलेजला कुलूप. सर सही कधी करणार?

निपाणीकर काकू: अगं, माझा मुलगा ह्यातूनच गेलाय. कौन्सेलर म्हणजे तसा हुद्दाच हवा असं नाही, प्राचार्य किंवा उपप्राचार्य भरू शकतात. त्यांचा ईमेल तू टाकलास की त्यांना लिंक जाते. आम्ही ऑफिसचा ईमेल दिला होता, तो कुणी उघडतच नव्हतं, तीन आठवडे गेले. तू त्यांच्यासमोर बस, मेल आलेला डोळ्यांनी बघ, मगच ऊठ. गुण बदलू नकोस. १२५ पैकी असतील तर १२५ पैकीच लिही, जीपीए काढत बसू नकोस. मराठी-कन्नड कागदासोबत इंग्रजी भाषांतर जोडायचं. शाळेच्या कागदांवर मुख्याध्यापकांचा सही-शिक्का घे, उत्पन्नाच्या दाखल्याचं मात्र अधिकृत भाषांतरकाराकडून करून घे. नववीसाठी आधी जुन्या शाळेत जा, गणपतीच्या सुट्टीआधी. जन्मगाव पासपोर्टवर जे छापून येईल तेच अर्जात, आणि नावाचंही तसंच. एकाही कागदावर वडिलांचं नाव मागेपुढे असेल तर आत्ताच बघून घे.

शहापूरचा पोरगा: हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट, डार्टमथ, बोडन इथं परदेशी मुलांनाही मदत मागितली म्हणून निवडीत तोटा होत नाही, आणि घेतलं तर जेवढी गरज तेवढी मदत देतात. पण आत शिरणं महाकठीण, त्यामुळे यादी एवढ्यावर थांबवू नकोस. बाकी बऱ्याच ठिकाणी मदत मागणं निवडीत मोजलं जातं, तरी घेतलेल्या मुलाला चांगले पैसे देणारी आहेत. एमआयटीला एसएटी किंवा एसीटी ही प्रवेश परीक्षा लागतेच. इंग्रजीसाठी घरबसल्या ड्युओलिंगोची ऑनलाइन परीक्षा देणार असशील तर खानापुरात देऊ नकोस. मध्येच लाईट गेली तर परीक्षा गेली. बेळगावात कुणाकडे तरी इन्व्हर्टरवर दे. आणि तो १ नोव्हेंबर विसर, सरांना १५ ऑक्टोबर सांग. नाहीतर जानेवारीची मुदत आहेच, तुझी बोर्डाची परीक्षा त्यानंतर.

मूळ प्रश्नकर्ती: खूप आभार! काल उपप्राचार्य मॅडमना भेटले, त्या तयार झाल्या. पण म्हणाल्या, "शिफारसपत्र तूच लिहून आण, मी सही करते." हे चालतं?

निपाणीकर काकू: नाही गं, अजिबात नाही. ते त्यांनीच लिहायचं असतं. तू त्यांना एका कागदावर तुझ्या गोष्टी लिहून दे: सकाळची एसटी, घरातली कामं, कुठला प्रयोग बिघडला आणि पुन्हा केलास. मराठीत दिलंस तरी चालेल, मॅडम आपल्याच आहेत ना?