मदत हवी आहे : शाळेतल्या दादागिरीबद्दल लेखी तक्रार कुठे करायची?

मुलगा सातवीत, खाजगी अनुदानित शाळा, पुणे जिल्हा. वर्गातली तीन-चार मुलं मधल्या सुट्टीत त्याचा डबा काढून घेतात, जिन्यात अडवून ढकलतात. परवा दप्तराचा बंद तुटला आणि दंडावर वळ उठलेले दिसले. आता सकाळी शाळेचं नाव काढलं की त्याच्या पोटात दुखतं.

वर्गशिक्षिकांना भेटले, त्यांनी मुलाची जागा बदलली. जागा बदलून जिन्यातलं काय थांबणार? मुख्याध्यापक म्हणाले, "मुलांची मस्ती आहे, मनावर घेऊ नका." त्या मुलांच्या पालकांशीही बोलून झालं, उपयोग शून्य. वळांचे फोटो तारखेसह ठेवलेत.

२०२२ च्या शासन निर्णयानुसार शाळेत मुलांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती हवी, आणि बदलापूरच्या शाळेतल्या अत्याचाराच्या घटनेनंतर ऑगस्ट २०२४ मध्ये सीसीटीव्ही व तक्रारपेटीचेही आदेश निघाले. आमच्याकडे पेटी ऑफिसच्या दारालाच आहे, तिथे चिठ्ठी टाकायची कुणाची हिंमत होणार! समितीत कोण आहे, हे विचारलं तर उत्तर मिळत नाही.

वर्षाच्या मध्यात शाळा बदलणं शक्य नाही. पोलिसांत जायचं नाही, ती मुलंही लहानच आहेत. १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन माहीत आहे, पण आधी शाळेकडूनच लेखी उत्तर हवंय.

कुणी हे केलं असेल तर नेमकं सांगा : अर्ज मुख्याध्यापकांच्या नावे देऊन पोच घ्यायची, की थेट गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जायचं? आणि जिन्यातलं फुटेज पुसलं जाण्याआधी जपून ठेवा, असं अर्जात कसं लिहायचं?