मदत हवी आहे: १३ महिन्यांच्या लेकीचं बोरन्हाण आणि दुसऱ्या दिवशी महेश्वर (इंदूर)

मृण्मयी_राजेंद्रनगर

नमस्कार मंडळी. लेक १३ महिन्यांची आहे, वजन ९ किलो. रांगते भराभर, सोफ्याला धरून उभी राहते, धरून धरून बाजूला सरकते, पण हात सोडून अजून चालत नाही. संक्रांतीनंतरच्या शनिवारी संध्याकाळी घरी बोरन्हाण आहे, पंधरा-वीस मुलं येतील. रविवारी सासूबाई-सासऱ्यांना घेऊन महेश्वरला जायचंय, सकाळी जाऊन संध्याकाळी परत. गाडी छोटी हॅचबॅक, मोठी माणसं चार.

बोरन्हाणात नक्की काय टाकायचं? वाटेत तिला बाहेरचं द्यायचं नाहीये, मग घरून काय न्यावं? कारसीट आणलीय, पण घरच्यांच्या मते ती मांडीवरच शांत राहील. तिथल्या नर्मदेच्या घाटावर प्रॅम चालेल का? आणि "अजून चालत नाही?" हे रोज ऐकतेय, तर वॉकर आणावा की पांगुळगाडा?

सुनंदाकाकू

मृण्मयी, बोरन्हाण अगदी हौसेनं कर, पण टोपलीत काय जातंय ते तू स्वतः बघ. बोरं, हरभरे, हलवा, भुईमुगाच्या शेंगा, उसाचे करवे, गोळ्या हा सगळा रिवाजाचा माल आहे आणि यातली एकूण एक वस्तू १३ महिन्यांच्या मुलाच्या घशात अडकण्याच्या मापाची आहे. तिला पुढचे दात आले असतील, दाढा नसतील किंवा नुकत्या फुटत असतील. पुढच्या दातांनी तुकडा तोडता येतो, चावून बारीक करता येत नाही. शेंगदाण्याचा धोका सगळ्यात जास्त: गुळगुळीत, टणक, आणि श्वासनळीत गेला तर ओलाव्यानं फुगतो.

म्हणून दोन टोपल्या कर. तिच्या अंगावर घालायची वेगळी: झेंडूच्या आणि गुलाबाच्या पाकळ्या, मूठ-दोन मूठ चुरमुरे, मोठे बत्तासे. पाकळ्या आणि चुरमुरेही तोंडात जाऊ द्यायचे नाहीत, पण ते टणक नसतात आणि लागत नाहीत. बोरं, ऊस, हरभरे, तिळाच्या वड्या दुसऱ्या टोपलीत, आणि त्या मोठ्या मुलांना जाताना पिशवीत घालून द्यायच्या. मुलांना लुटायची मजा हवीच असते, तर बिस्किटांचे छोटे बंद पुडे टाक.

पाटावर तिला एकटी बसवू नकोस, तुझ्या किंवा आत्याच्या मांडीत बसव. उंचावरून ओतायचं नाही. ओंजळ खांद्याच्या उंचीवर धरून बाजूनं सोडायची, म्हणजे डोळ्यांत काही जात नाही. खाली एकच मोठी चादर घाल, दोन चादरींच्या फटीत वस्तू राहतात. सगळं उरकलं की आधी बाळ उचलायचं, मग चादरीचे चार कोपरे धरून गोळा करायची, आणि नंतर सोफ्याखाली, पडद्यामागे, दाराच्या रुळात टॉर्च मारून बघायचं. कार्यक्रमाच्या वेळी दहा जणांचं लक्ष असतं. घात होतो तो दोन दिवसांनी, रांगणाऱ्या मुलाला सोफ्याखालचा हरभरा सापडतो तेव्हा.

हलव्याचे दागिने फोटोपुरते, आणि तेही कोणी समोर बसलेलं असताना. ती हार चोखणारच, लाळेनं दोरा भिजतो आणि दाणे सुटतात. गळ्यातला हार मागे गाठ मारून नको, साध्या वेलक्रोच्या पट्टीनं लाव, ओढला तर निघून येईल. काळ्या झबल्याला जरीकाम असेल तर आत मऊ सुती बंडी घाल, नाहीतर मानेला टोचून रडारड होईल.

वेळ सहानंतरची ठेवू नकोस. दुपारची झोप झाली की लगेच, साडेचारच्या सुमारास. पंधरा मिनिटांत औक्षण आणि लूट आटपली की ती आनंदात असते.

बालसंगोपन_नर्स

काकूंच्या उत्तराला जोडून. घरातल्या निदान दोघांना हे यायला हवं.

मूल जोरात खोकतंय किंवा रडतंय म्हणजे हवा जातेय. अशा वेळी पाठीत मारू नका, खोकू द्या. आवाजच निघत नसेल, ओठ निळसर पडत असतील तर हवा बंद आहे. मग मूल पुढे झुकवून एका हातानं छातीला आधार द्या, आणि दुसऱ्या हाताच्या तळव्याच्या टाचेनं दोन खांद्यांच्या मध्ये ५ जोरदार थापा. नाही निघालं तर मागून हात घालून, मूठ बेंबीच्या वर आणि बरगड्यांच्या मधल्या हाडाच्या खाली ठेवून आत-वरच्या दिशेनं ५ दाब. पुन्हा ५ थापा, पुन्हा ५ दाब. पोटावरचे दाब एक वर्ष झालेल्या मुलांसाठीच आहेत. पाहुण्यांमध्ये त्याहून लहान बाळ असेल तर त्याला छातीच्या हाडावर दाब देतात. त्याच वेळी दुसऱ्यानं १०८ लावायचा. मूल बेशुद्ध पडलं तर थापा थांबवून सीपीआर (छाती दाबून कृत्रिम श्वास देणं).

दिसत नसताना तोंडात बोट घालू नका, वस्तू आणखी आत जाते. पाणी पाजू नका, केळं भरवू नका. वस्तू निघाली तरी पोटावर दाब दिले असतील तर डॉक्टरांना दाखवा.

आणखी एक. अचानक ठसका लागून मूल शांत झालं, आणि पुढे काही दिवस खोकला किंवा छातीत शिट्टीसारखा आवाज राहिला, तर सर्दी समजून थांबू नका. शेंगदाणा किंवा हरभरा साध्या एक्स-रेत सहसा दिसत नाही, त्यामुळे "त्या दिवशी ठसका लागला होता" हे डॉक्टरांना आपणहून सांगायला लागतं.

पट्टा_आधी

मांडीचा विषय. गाडी ताशी ५० किमीवरून सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली तर ९ किलोचं मूल सव्वाशे किलोच्या जोरानं पुढे जातं. तेवढं वजन कुणाच्याच हातात राहत नाही. कायद्याचं म्हणाल तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ ब प्रमाणे १४ वर्षांखालचं मूल पट्ट्याशिवाय किंवा चाइल्डसीटशिवाय नेल्यास १००० रुपये दंड आहे.

१३ महिन्यांच्या मुलाची सीट मागे तोंड करून लावायची. या वयात डोकं शरीराच्या मानानं जड आणि मान कोवळी असते. तोंड मागे असलं की झटका पाठ, मान, डोकं सगळ्यांवर मिळून येतो. पुढच्या सीटवर, एअरबॅगसमोर अशी सीट कधीच नाही.

छोट्या गाडीत अडचण जागेची येते. मागे तोंड केलेली सीट पुढच्या सीटच्या पाठीला लागते. सीट डाव्या बाजूला लावा, पुढे सासूबाईंना बसवा (उंची कमी असेल असं धरतो), त्यांची सीट पुढे सरकवा. सासरे ड्रायव्हरच्या मागे, तुम्ही मध्ये बाळाजवळ. मधल्या जागेला पट्टा आहे का ते आजच बघा, आणि असेल तर लावा.

गाडीत आयसोफिक्सच्या कड्या (चाइल्डसीट थेट अडकवायच्या धातूच्या कड्या) असतील तर दोन्ही बाजूंना हिरवी खूण दिसेपर्यंत दाबा. नसतील तर गाडीचा पट्टा सीटवर दिलेल्या निळ्या खुणांमधून घाला, सीटवर गुडघ्यानं जोर देऊन पट्टा ओढा. पट्टा जातो तिथं धरून सीट हलवा, २.५ सेंमीपेक्षा जास्त हलली तर सैल आहे. मुलाचे खांद्याचे पट्टे खांद्याच्या रेषेत किंवा किंचित खालून यायला हवेत, आणि खांद्याजवळ पट्ट्याची चिमूट भरता येता कामा नये.

जानेवारीत हमखास होणारी चूक म्हणजे जाड जाकीट घालून पट्टे बांधणं. जाकीट दबतं आणि पट्टे तेवढे ढिले पडतात. आत दोन पातळ कपडे घाला, पट्टे बांधा, वरून शाल.

ती रडेल हे खरंच आहे. म्हणून रविवारीच पहिल्यांदा बसवू नका. या आठवड्यात रोज दहा-पंधरा मिनिटं, झोप आणि पोट भरलेलं असताना, कॉलनीतून एक चक्कर.

डबा_आणि_थर्मास

खाण्याचं सांगते. ९ वाजता निघायचं धरलंय.

पहिलं जेवण थर्मासमध्ये मऊ खिचडी: ३ टेबलस्पून तांदूळ, २ टेबलस्पून मूगडाळ, दीड कप पाणी, हळद, जिरं, मीठ नावाला. रुंद तोंडाच्या स्टीलच्या थर्मासमध्ये आधी उकळतं पाणी घालून १० मिनिटं झाकून ठेवा, ते ओता, आणि रटरटणारी खिचडी काठोकाठ भरा. अर्धा थर्मास रिकामा ठेवला की आतल्या हवेनं ती कोमट होते, आणि कोमट भातात जंतू झपाट्यानं वाढतात. भात पुन्हा गरम केला तरी त्यातलं काही विष जात नाही. म्हणून उघडल्यावर वाफ यायला हवी, नाहीतर टाकून द्या. थर्मास एकदाच उघडा, वाटीतलं उष्टं परत आत घालू नका. तूप आयत्या वेळी, दही वेगळं न्यायचं झालं तर बर्फाच्या पाकिटासोबत.

दुपारचं खाणं कोरडं न्या. १ वाटी पोहे मंद आचेवर कुरकुरीत भाजून, पाव वाटी डाळं आणि चिमूटभर जिऱ्यासह अगदी बारीक दळा, चाळून घ्या. ३ चमचे पीठ, साधारण १०० मिली गरम पाणी, ५ मिनिटं झाकण, वरून थोडा गूळ किंवा कुस्करलेलं केळं. केळं सालीसकट न्यायचं. सफरचंद कच्चं नको, वाफवलेल्या फोडी.

दूध बाटलीत गरम भरून नेऊ नका. छोटा टेट्रापॅक न्या, प्यायच्या वेळी फोडा, उरलेलं टाका. एक वर्षानंतर गाईचं दूध चालतं, पण दिवसाला ४००-५०० मिलीच्या आत, नाहीतर जेवण मागे पडतं आणि लोह कमी होतं.

तुम्ही सगळे वाटेत पोहे खाणार, ते उघडच आहे. त्यातले शेंगदाणे, शेव, कच्चा कांदा, डाळिंबाचे दाणे यांतलं काही तिच्या तोंडात कौतुकानं घालू नका असं गाडीत बसतानाच सगळ्यांना सांगून ठेवा.

फिजिओ_बडोदा

चालण्याबद्दल. जागतिक आरोग्य संघटनेनं २००६ मध्ये पाच देशांतल्या मुलांच्या हालचालींचे टप्पे प्रसिद्ध केले, त्यात भारतातली मुलंही होती. आधाराशिवाय चालण्याचा टप्पा ८.२ ते १७.६ महिने. १३ महिन्यांची, धरून सरकणारी मुलगी या टप्प्याच्या मधोमध आहे, तिला काहीही उशीर झालेला नाही. १८ महिने झाले तरी चालली नाही, एकच पाय किंवा हात कमी वापरतेय, किंवा येत असलेलं काही करायची थांबली, तर मात्र लगेच दाखवा.

चाकांचा, मध्ये बसायचा वॉकर नको. त्यात मूल बोटांवर ढकलत जातं, तोल सांभाळायची गरजच पडत नाही, आणि पायऱ्या, गरम चहा, वायर यांपर्यंत क्षणात पोहोचतं. कॅनडानं २००४ मध्ये त्यांच्या विक्रीवर बंदी घातली.

लाकडी पांगुळगाडा वेगळा: मूल स्वतः उभं राहून ढकलतं. पण गुळगुळीत टाइल्सवर तो पळतो आणि मूल तोंडावर पडतं. आधी सतरंजीवर चालवा. तो धरून ती उठायला गेली की गाडा तिच्याच अंगावर उलटतो, म्हणून उठेपर्यंत तुमचा हात गाड्यावर. पुढच्या खालच्या दांडीला वजन बांधलं तर आणखी बरं. घरात अनवाणीच राहू द्या. बाहेर बोटांपाशी रुंद, हातानं सहज वाकणाऱ्या तळाचे बूट, अंगठ्यापुढे एक सेंमी जागा.

निमाडकर

महेश्वर इंदूरहून साधारण ९० किमी, थांबे धरून अडीच तास. मानपूर-धामनोदचा हायवे घ्या. महूवरून जामगेटचा रस्ता देखणा आहे, गेट अहिल्याबाईंच्या काळातलं, पण वळणं फार. दूध पिऊन लगेच त्या वळणांवर नेलं तर ओकेल. रविवार निवडलात ते बरं, संक्रांतीच्या दिवशी नर्मदास्नानाची गर्दी असते.

प्रॅम डिकीतच राहील. किल्ल्यातून घाटाकडे दगडी पायऱ्याच पायऱ्या. पुढे बांधायचं कॅरिअर न्या, बाळाचं तोंड तुमच्याकडे, गुडघे ढुंगणापेक्षा किंचित वर, हनुवटीखाली दोन बोटं जागा. उतरताना साडीपेक्षा सलवार बरी, स्वतःची पावलं दिसतात.

खालच्या पायऱ्या शेवाळामुळे निसरड्या असतात आणि पुढे पाणी एकदम खोल होतं. तिथं तिला रांगायला सोडू नका. वर राजवाड्याच्या अंगणात सोडा, सपाट आहे. नावेत बसायचा मोह होईल, पण ९ किलोच्या मुलाच्या मापाचं लाइफजॅकेट सहसा नसतं. आजी-आजोबांना बाणेश्वरापर्यंत (नदीच्या मधलं देऊळ) जाऊ द्या, तुम्ही घाटावर थांबा.

दुपारी टोपी, परतताना कानटोपी. साडेतीनला निघा, अंधाराआधी मानपूरचा घाट पार व्हायला हवा.

मृण्मयी_राजेंद्रनगर

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन शंका राहिल्या. ९ वाजता निघालो तर तिची साडेनऊची झोप गाडीतच होईल, चालेल ना? आणि तापाचं औषध कुठलं जवळ ठेवू?

बालसंगोपन_नर्स

झोप गाडीत झालेली उत्तमच, पट्टे मात्र लावलेलेच. गाडी थांबली की तिला सीटमधून काढून सपाट झोपवा किंवा कडेवर घ्या.

तापाला पॅरासिटॅमॉल, पण बाटली नीट बघा. थेंबांच्या बाटलीत १ मिलीत १०० मिग्रॅ असतं, सिरपमध्ये ५ मिलीत १२५ किंवा २५० मिग्रॅ. सिरपचं माप थेंबांना लावलं की कित्येक पट डोस जातो. तुमच्या डॉक्टरांकडून तिच्या वजनाचा डोस मिलीमध्ये लिहून घ्या आणि त्याच बाटलीवर चिकटवा. सोबत ओआरएसचं एक लिटरवालं पाकीट आणि एक लिटर उकळून गार केलेलं पाणी. पूर्ण पाकीट पूर्ण लिटरमध्ये, अंदाजानं अर्धं नाही.

डायपर दर तीन तासांना एक आणि वर दोन जास्तीचे. बदलायला डिकीत रबरी शीट अंथरा. वापरलेले घट्ट बांधून घरी आणा, कचरागाडीच्या सॅनिटरी कप्प्यात टाका, घाटावर ठेवू नका.

पट्टा_आधी

एक राहिलं. संक्रांतीच्या आठवड्यात तिला स्कूटरवर पुढे उभी करून कुठेही नेऊ नका, अगदी कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतसुद्धा. मांजा आडवा आला तर पहिला तिच्याच मानेच्या उंचीवर येतो. बोरन्हाणाची खरेदी तिला घरी ठेवून करा.