मापाचं अक्षर नको, इंच बघा
'साठीनंतर ऑनलाइन कुर्ता एक्सएल घ्या नाहीतर डबल एक्सएल, खांद्यात उतरतो नि पोटावर ताणतो,' ही अनेकांची तक्रार अगदी पटली. एक्सएल प्रत्येक ब्रँडचं वेगळं असतं, त्यामुळे त्या अक्षरावर विसंबूच नका. घरातला अंगावर छान बसणारा कुर्ता पलंगावर सपाट पसरून छाती, खांदा, पोट, बाही, उंची टेपनं मोजा आणि इंच लिहून ठेवा. मग ती मापं साइटवरच्या मापांच्या तक्त्याशी ताडून बघा. तक्त्यातलं माप शरीराचं आहे की कपड्याचं, तेही वाचा. शरीराचं असेल तर आपल्या छातीचं माप धरा; कपड्याचं असेल तर ते छातीपेक्षा तीन-चार इंच जास्त हवं.

पोट सुटलेलं असेल तर सरळ कटापेक्षा ए-लाइन, म्हणजे खाली घेर वाढत जाणारा, खुलून दिसतो. पातळ रेयॉन अंगाला चिकटतं, धुतल्यावर बरेचदा आटतंही. सुती किंवा लिनन बरं. खांदा आखडलेला असेल तर पुढून पूर्ण उघडणारा, बटणांचाच घ्या. डोक्यावरून कुर्ता ओढताना काय कळ येते, ते ज्याचं त्यालाच ठाऊक!

आणि मंगळगिरी (आंध्रातलं हातमागाचं) सुती ड्रेस मटेरियलचा विचार जरूर करा. शिलाई धरूनही पुष्कळदा चांगल्या तयार कुर्त्याच्या आसपासच पडतं, शिवाय शिंप्याला शिवणीत माया (आत दुमडलेलं जादा कापड) ठेवायला सांगता येते.