आडनाव परेरा, पण रक्त कोणाचं?

गिरिजकर (धागाकर्ता)

नाताळात टोरंटोहून पुतण्या आला तो चहाचा एक मग घेऊन. मगावर तांबडी ढाल, ढालीवर टोकांना फुलं फुटलेला रुपेरी क्रूस आणि खाली 'परेरा'. म्हणे, "काका, हे आपल्या घराण्याचं चिन्ह." तो मग सध्या ओट्यावर चमचे ठेवायला वापरतो. पण त्यावरून जेवताना जो वाद पेटला तो अजून विझलेला नाही, म्हणून इथे आणतोय.

माझं म्हणणं असं, की परेरा आडनाव लावणाऱ्याचं मूळ परेरा घराण्याशी रक्ताचं नातं असेलच असं धरून चालणं हा शुद्ध भाबडेपणा आहे. वसईत तर आहेच, खुद्द पोर्तुगालातही आहे.

परेरा म्हणजे नासपतीचं झाड. उत्तर पोर्तुगालात या नावाच्या बऱ्याच जागा आहेत. त्यातल्या एका जागेच्या सरदारांनी हे नाव लावलं आणि मगावरची ढाल त्यांची. त्या घराण्यातला सगळ्यात नावाजलेला माणूस म्हणजे सेनापती नुनु आल्व्हारिश परेरा. जन्म १३६० चा, १३८५ साली आल्जुबारोताला त्याने शेजारच्या कास्तील राज्याच्या फौजेला धूळ चारली. २००९ मध्ये व्हॅटिकनने त्याला संतपद दिलं.

आता आमच्याकडे या. १५३४ साली वसई पोर्तुगीजांकडे गेली, १७३९ ला चिमाजी अप्पांनी घेतली. मधल्या दोनशे वर्षांत आमचे पूर्वज बाटले. बाप्तिस्म्याला नवं नाव मिळायचं आणि आडनाव बहुतेक धर्मबापाचं नाहीतर पाद्रीबाबांचं. धर्मबाप कोण, तर किल्ल्यातला एखादा शिपाई किंवा कारकून. तो परेरा, म्हणून आम्ही परेरा. आमच्या समाजाला कुपारी म्हणतात तो शब्दही 'कॉम्पाद्रे'वरून आला असं मानतात. मुलाचा बाप आणि धर्मबाप यांच्यातलं नातं म्हणजे कॉम्पाद्रे. समाजाच्या नावातच आडनावाची पावती फाडलेली आहे!

आणि गावात आम्हाला परेरा म्हणून ओळखतं कोण? पोस्टमन. बाकी सगळ्यांसाठी आम्ही 'बावखलावरचे', म्हणजे तळ्याकाठचे.

पुतण्याने डीएनए चाचणीही केली होती. बापाकडून मुलाकडेच जाणाऱ्या वाय गुणसूत्राची शाखा निघाली एल. ती आपल्या पश्चिम किनाऱ्यावर भरपूर, पोर्तुगालात औषधापुरती. तरी मग विकत घेतलाच पठ्ठ्याने.

तर्कट

काका, मगाचा राग आडनावावर काढताय.

इंग्लंडातलं साइक्स घ्या. यॉर्कशायरच्या बोलीत साइक म्हणजे ओहोळ. असे ओहोळ तिथे पैशाला पासरी, त्यामुळे हे आडनाव अनेकांनी आपापलं स्वतंत्र लावलं असणार असा जाणकारांचा कयास होता. ऑक्सफर्डचे ब्रायन साइक्स (हो, आडनावबंधूच) यांनी साइक्स पुरुषांची वाय गुणसूत्रं तपासून २००० साली निष्कर्ष छापला. जवळजवळ निम्म्यांचा नमुना एकच, आणि तो त्याच भागातल्या इतर आडनावांच्या माणसांत सापडला नाही. म्हणजे साधारण सातशे वर्षांपूर्वीचा एकच मूळपुरुष. कागदपत्रांवरून जे कोणाला दिसलं नाही ते रक्ताने सांगितलं.

पुढे २००९ मध्ये लेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी ४० ब्रिटिश आडनावं तपासली. अ‍ॅटनबरो आडनावाच्या ८७ टक्के पुरुषांचं मूळ एक निघालं. आता म्हणा भाबडेपणा.

गिरिजकर

निम्मे जुळले, मग उरलेले निम्मे काय आकाशातून पडले? आणि त्यांनी मार्कर, म्हणजे गुणसूत्रावरच्या तुलनेच्या जागा, किती तपासले होते? चार! आज चार मार्करवर कोणी दोन माणसांचं चुलतपण ठरवत नाही.

तर्कट

चारच होते, मान्य. पण तो नमुना इतर आडनावांत आढळलाच नाही, हे चारांवरही वजनदार आहे.

उरलेल्यांचा हिशोब असा. सातशे वर्षं म्हणजे तेवीसेक पिढ्या. प्रत्येक पिढीत शंभरातल्या दोघांचा कागदावरचा बाप आणि जन्माचा बाप वेगळा धरला (फसवणूक, दत्तक, सावत्र बापाचं नाव, आईचं नाव, सगळं त्यात आलं) तरी तेवीस पिढ्यांनी ६३ टक्केच मूळ रेषेवर उरतात. आणि दोन हा आकडाही चढाच. बेल्जियममधल्या अभ्यासांत दर पिढीला एका टक्क्याच्या आसपास येतो. थेंबथेंब गळती आहे, पण त्यावरून मडकंच नव्हतं असं कसं म्हणणार?

खवट काका

श्रीलंकेच्या क्रिकेट संघात किती परेरा होऊन गेले ते मोजा आणि झोपा.

पेठेतली मेधा

खवट काका, विनोदात मुद्दा आहे हो. सिंहलींमध्ये परेरा हे अगदी नेहमीचं आडनाव, आणि ते लावणारे कित्येक जण बौद्ध आहेत. धर्म गेला, आडनाव राहिलं.

तर्कट, लेस्टरच्या त्याच अभ्यासात स्मिथचं काय झालं तेही सांगा की. स्मिथांची वाय गुणसूत्रं आणि रस्त्यावरून गोळा केलेल्या कोणत्याही ब्रिटिश पुरुषांची गुणसूत्रं यांत काही फरक दिसला नाही. गावोगाव लोहार, गावोगाव स्मिथ. आपल्याकडच्या सगळ्या पाटलांना एका आजोबांची नातवंडं म्हणण्यासारखं झालं ते. दुर्मीळ आडनाव बोलतं, सर्रास आडनाव मुकं असतं. आता प्रश्न एवढाच, की परेरा अ‍ॅटनबरोसारखं की स्मिथसारखं?

लिस्बनवासी

स्मिथसारखं. इथे सहा वर्षं आहे, ऑफिसात माझ्या मजल्यावरच तीन परेरा आहेत आणि तिघांचा एकमेकांशी संबंध नाही.

शिवाय इंग्लंडचा हिशोब इथे चालतच नाही. इथे मूल आईचं आणि बापाचं अशी दोन्हीकडची आडनावं लावतं. बापाचं शेवटी, ही आता रीत झाली, पण पूर्वी तसा नियम नव्हता. एकाच घरात एक भाऊ बापाचं, दुसरा आईच्या बापाचं, बहीण एखाद्या संताचं नाव लावून मोकळी. नागरी नोंदणी सर्वांना सक्तीची झाली १९११ साली, तोवर सगळा मोकळा कारभार. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जातं, पण आडनाव तसं गेलंच नसेल तर दोघांची गाठ पडणार कुठे?

इतिहासवेडा

झाडांची आडनावं म्हणजे मुळात ज्यू, हे सर्वांना माहीत आहे. परेरा, ओलिव्हेरा, कार्व्हाल्यू. ख्रिस्ती झालेल्या ज्यूंनी झाडांची नावं घेतली.

लिस्बनवासी

सर्वांना माहीत असलेल्या गोष्टीच आधी तपासाव्यात. पोर्तुगालात ज्यूंचं सक्तीचं धर्मांतर १४९७ चं. नुनु परेरा त्याच्या शंभरावर वर्षं आधी लढाया मारत होता. नव-ख्रिस्ती झालेल्यांनी परेरा आडनाव घेतलं हे खरं, पण सरदाराचं आडनाव, धर्मबापाचं आडनाव, शेजाऱ्याचं आडनाव असं जे चारचौघांत खपून जाईल ते घेतलं. लपायचं असताना कोणी ओळख पटवणारी खास नावं कशाला घेईल?

रक्ताचंच बघायचं तर २००८ साली आयबेरियातल्या, म्हणजे स्पेन-पोर्तुगालातल्या पुरुषांच्या वाय गुणसूत्रांचा मोठा अभ्यास आला. त्यात सरासरी १९.८ टक्के वंशरेषा सेफार्दी (म्हणजे मूळच्या तिथल्याच) ज्यूंकडच्या आणि १०.६ टक्के उत्तर आफ्रिकेतल्या असा अंदाज निघाला. हे तिथल्या एकूण पुरुषांचं. झाडवाल्यांचं वेगळं नव्हे.

गिरिजकर

म्हणजे १४९७ मध्ये लिस्बनला जे झालं तेच पन्नासेक वर्षांनी वसईला. पाण्याचा हबका, धर्मबापाचं आडनाव, पुढचा! आमच्या पूर्वजाच्या धर्मबापाचा आजोबाही कदाचित असाच उसना परेरा असेल. उसनवारीवर उसनवारी. हे मला सुचलं नव्हतं. लिस्बनवासी, आभार.

पेठेतली मेधा

आणखी एक गंमत. नुनु परेरा हा स्वतः एका धर्मयोद्ध्या संघाच्या प्रमुखाचा अनौरस मुलगा, नंतर राजाने औरस ठरवलेला. त्याच्यामागे उरली एकच मुलगी, बियात्रीश. तिचं लग्न झालं आफोन्सूशी, जो पुढे ब्रागांझाचा पहिला ड्यूक झाला. त्यांचे वंशज १६४० पासून १९१० पर्यंत पोर्तुगालच्या गादीवर. १६६१ च्या तहाने जिच्या आंदणात मुंबई इंग्रजांकडे गेली ती कॅथरीन ब्रागांझाचीच.

म्हणजे बघा, थोर परेराचं रक्त होतं कॅथरीनच्या अंगात, आणि ती परेरा नव्हती. तिच्या आंदणापासून तीस-चाळीस मैलांवर वसईत परेरांची घरंच्या घरं, आणि रक्ताचा पत्ता नाही. पुतण्याला म्हणावं, मग राणीला पाठव.

तर्कट

मेधाताई, हा किस्सा सुंदर आहे, पण तो माझ्याही बाजूचा पुरावा आहे. वाय गुणसूत्र एकच रेषा दाखवतं, मुलीपाशी ती तुटते. दहा पिढ्या मागे १०२४ पूर्वज, त्यातला एकच वायने दिसणार. पूर्व यॉर्कशायरमधल्या एका दुर्मीळ आडनावाच्या १८ पुरुषांपैकी सात जणांत पश्चिम आफ्रिकेतली ए१ शाखा निघाली होती, २००७ साली. वंशावळी १७८० च्या दशकापर्यंत मागे नेल्या तरी सगळे यॉर्कशायरचेच. दिसायला गोरे. तेव्हा 'रक्त' हा शब्द आपण सगळेच सैल वापरतोय.

स्पेनमध्येही २०१६ मध्ये ३७ आडनावांचा अभ्यास झाला. तिथे दोन आडनावं लावूनसुद्धा दुर्मीळ आडनावांत एकच मूळ दिसलंच, सर्रास असलेल्यांत नाही. त्यामुळे लिस्बनवासींचा 'गाठच पडत नाही' हा दावा मला पटत नाही. गाठ सैल पडते, इतकंच.

आता गिरिजकर काका, तुमच्यासाठी. १५१० नंतर आल्बुकर्कने गोव्यात आपल्या शिपायांची स्थानिक बायकांशी लग्नं लावून दिली. वसईच्या किल्ल्यातही गोरी कुटुंबं होती. एका पुतण्याच्या एल शाखेवरून सगळ्या परेरांचा निकाल लावणं हे साइक्सच्या चार मार्करांपेक्षा कच्चं काम आहे.

आणि मुख्य म्हणजे, तुम्ही प्रश्नच चुकीचा विचारताय. आडनाव उसनं असेल, पण उसनं घेतलेल्या दिवसापासून चारशे-पाचशे वर्षं ते तुमच्याकडे बापाकडून मुलाकडे चाललंय. तुमचा मूळपुरुष नुनु नाही, तो बाप्तिस्म्याच्या रांगेत उभा राहिलेला माणूस. त्याच्यापुरतं तुमचं आडनाव अ‍ॅटनबरो असू शकतं. गावात परेरांची दुसरी घरं आहेत?

गिरिजकर

सात आहेत. त्यातली चार बावखलावरची म्हणजे आमची, तीन खालच्या आळीची. सात पिढ्यांत सोयरीक झालेली चालते की नाही यावरून आजीच्या काळी मोठं भांडण झालं होतं, कारण एक बाजू म्हणायची आपण भाऊबंद, दुसरी म्हणायची फक्त पाद्री एक. देवळातल्या वहीत त्याचा उलगडा होत नाही. जुनी पानं वाळवीने खाल्लेली, 'परेरा'च्या पुढचं गिळून टाकलंय.

तर्कट, हा प्रश्न मला आवडला, दावा अजून नाही आवडला. काल खालच्या आळीच्या आजोबांकडे गेलो होतो. पंचाऐंशी वर्षांचे. चाचणी म्हणजे काय ते सांगितलं. म्हणाले, गालाचा फाया देतो, पण जुळलं तर १९५८ चा तो बांधाचा दावा पुन्हा उकरायचा नाही. पुतण्याला सांगून दोन किट मागवलेत.