पंचविसावा लग्नवाढदिवस इमॅजिकामध्ये: तारीख पाळावी की हंगाम पाहावा?

धागाकर्ती (पुणे)

आमचे लग्न २७ मे २००१ रोजी झाले. यंदा पंचवीस वर्षे पूर्ण होत आहेत आणि हा दिवस हॉलमध्ये जेवणावळ घालून साजरा करण्याऐवजी आम्ही दोघे, दोन्ही मुले आणि सासूबाई अशा पाच जणांनी खोपोलीच्या इमॅजिका या मनोरंजन उद्यानात एक संपूर्ण दिवस घालवावा, असे घरात ठरले आहे. कुठे जायचे यावर एकमत झाले, पण केव्हा जायचे यावर मात्र महिनाभर वाद चालू आहे. यजमानांचे म्हणणे असे, की लग्नाचा वाढदिवस त्याच तारखेला साजरा करायचा असतो, नाहीतर ती एक साधी सहल होते. माझे मत याच्या अगदी उलट आहे आणि ते मी येथे स्पष्टपणे मांडते.

आपल्याकडे लग्ने मुळातच गर्दीच्या काळात होतात. चातुर्मासात मुहूर्त नसतात. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू होते आणि पाहुण्यांना सुट्टी हवी म्हणून बहुतेक कुटुंबे शेवटी एप्रिल-मे किंवा डिसेंबरवर येऊन ठेपतात. साहजिकच लग्नाचे वाढदिवसही शाळांच्या सुट्टीतच येतात आणि मनोरंजन उद्यानात सर्वांत लांब रांगा नेमक्या त्याच दिवसांत लागतात. यंदा २७ मे बुधवारी आहे, त्याच सुमारास बकरी ईदची सुट्टी आहे आणि सह्याद्रीच्या पायथ्याचा तो दमट उन्हाळा सत्तरी ओलांडलेल्या सासूबाईंना सोसणारा नाही. शिवाय लेकीच्या अभियांत्रिकीच्या सत्रपरीक्षा त्याच दिवसांत असतात.

म्हणून माझा आग्रह असा आहे, की २७ मे रोजी घरी पूजा आणि गोडधोड करावे आणि उद्यानात डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, नाताळच्या सुट्ट्या लागण्यापूर्वी, आठवड्याच्या मधल्या वारी जावे. तेव्हा हवा कोरडी असते आणि उन्हात उभे राहिले तरी त्रास होत नाही. ज्यांना हे पटत नाही त्यांनी कारणांसह विरोध करावा, अशी विनंती आहे.

ठाणेकर

ताई, मी आपल्या यजमानांच्या बाजूने बोलणार आहे, कारण आम्ही आपण सांगता तसे वागून पाहिले आहे. आमच्या दहाव्या वाढदिवसाच्या वेळी मे महिन्यातील उन्हाचे कारण काढून आम्ही सहल पावसाळ्यानंतर करायचे ठरवले. पावसाळ्यानंतर मुलाची परीक्षा आली, मग दिवाळी, मग माझी बदली. तो बेत पुढे कधीच झाला नाही आणि ज्यांच्या हौसेसाठी तो आखला होता ते माझे वडील त्यानंतरच्या वर्षी गेले.

पंधराव्या वर्षी आम्ही हट्टाने अगदी त्याच तारखेला, ९ मे रोजी, एका उद्यानात गेलो. दिवसभरात जेमतेम पाच राइड्स झाल्या. बाकी सारा वेळ रांगेत गेला. परंतु त्या रांगेत आम्ही दोघे मुलांना लग्नाच्या दिवसाच्या हकीकती सांगत होतो, कारण तो तोच दिवस होता. पंधरा वर्षांपूर्वी या वेळी काय चालले होते, अंतरपाट कोणी धरला होता, मामा कसे रुसले होते, हे सारे घड्याळाकडे पाहून सांगता येत होते. डिसेंबरच्या एखाद्या बुधवारी हे बोलणे सहजपणे निघेल असे मला वाटत नाही. गर्दी टाळणे हा नेहमीच्या सहलीचा निकष आहे. पंचविसाव्या वाढदिवसाला तो पहिल्या क्रमांकावर ठेवू नये.

खोपोलीकर

मी या उद्यानाजवळच राहतो. एप्रिल २०१३ मध्ये ते सुरू झाले तेव्हापासून खोपोली-पाली रस्त्याचा प्रत्येक हंगाम मी पाहत आलो आहे. तारखेचा प्रश्न ज्याचा त्याने सोडवावा. मी फक्त हवामानाबद्दल लिहितो, कारण बाहेरगावच्या लोकांचा अंदाज येथेच चुकतो.

जुलै आणि ऑगस्टमध्ये तिकीट मिळणे सोपे जाते, म्हणून पुष्कळ जण तो काळ सुचवतात. मी तो कोणालाही सुचवणार नाही. समुद्रावरून येणारे ढग घाटाला अडतात आणि आमच्या भागात रिते होतात. आमच्याच खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली, त्याच पावसाळ्यात मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर आडोशी बोगद्याजवळही दरड आली होती. हवामान खात्याचा इशारा असताना ज्येष्ठ व्यक्तीला घेऊन घाट उतरणे हा माझ्या दृष्टीने सहलीचा भाग असू शकत नाही.

त्याशिवाय एक साधी गोष्ट लक्षात घ्यावी. नायट्रोसारख्या उघड्यावरच्या उंच राइड्स वीज कडाडू लागली किंवा मुसळधार पाऊस आला की थांबवाव्याच लागतात आणि ते योग्यच आहे. छताखालच्या राइड्स, उदाहरणार्थ अंधारातून धावणारी डीप स्पेस किंवा होडीतून नेणारी राजासॉरस, पावसातही चालू राहू शकतात. म्हणून पावसाची शक्यता असलेल्या दिवसांत सकाळी दार उघडताच प्रथम उघड्यावरच्या राइड्स कराव्यात आणि छताखालच्या दुपारसाठी राखून ठेवाव्यात. परतीचा पाऊस बहुधा दुपारनंतर, विजांसह येतो. सकाळ पुष्कळदा स्वच्छ मिळते.

डिसेंबरबद्दल ताईंनी लिहिले ते हवेच्या दृष्टीने खरे आहे. मात्र त्याच दिवशी जलउद्यानही करायचे असेल, तर सकाळच्या गारठ्यात ओल्या अंगाने उभे राहणे सासूबाईंना काय, मुलांनाही नको वाटेल. पाण्यासाठी मेच चांगला, हे यजमानांच्या बाजूने सांगितलेच पाहिजे.

निवृत्त शिक्षक (चिंचवड)

डिसेंबरमधील आठवड्याच्या मधल्या वारी गर्दी नसते, हे गृहीतक मला तपासून पाहावेसे वाटते. मी शाळेत सहलप्रमुख म्हणून बरीच वर्षे काम केले आहे. शैक्षणिक सहली दिवाळीची सुट्टी संपल्यापासून जानेवारीअखेरपर्यंत निघतात आणि त्या शनिवार-रविवारी नव्हे, तर मधल्या वारांनाच निघतात. एका शाळेच्या चार बसगाड्या आल्या तरी दोनशे मुले एकदम एकाच राइडच्या रांगेत उभी राहतात, कारण शिक्षक त्यांना पांगू देत नाहीत. हे मी दोष म्हणून सांगत नाही. मी स्वतः तसेच करत असे. फेब्रुवारीत परीक्षा तोंडावर आल्यामुळे सहली थांबतात आणि तेव्हा मात्र मधले वार खरोखर मोकळे मिळतात. आपल्या घरात दहावीचा विद्यार्थी असेल, तर तोही मार्ग बंदच समजावा.

आता तारखेच्या वादाबद्दल. आपल्या लग्नाची तिथी पाहावी, असे मी सुचवतो. २००१ मध्ये ज्येष्ठ २४ मेच्या सुमारास सुरू झाला होता, म्हणजे आपले लग्न ज्येष्ठ शुद्ध पक्षातील पहिल्या आठवड्यात झाले. यंदा १७ मे ते १५ जून हा अधिक ज्येष्ठ आहे. वाढदिवसाची तिथी निज, म्हणजे त्यानंतरच्या नेहमीच्या ज्येष्ठात धरली, तर ती १९ जूनच्या आसपास येते. तोपर्यंत आपल्याकडील शाळा उघडलेल्या असतील. चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान असते आणि अधिक महिना ती तूट भरून काढतो, म्हणून तिथी दरवर्षी मागेपुढे सरकते. यंदा ती आपल्या सोयीच्या बाजूला सरकली आहे, ही संधी आहे. दिवसही तोच पाळला जाईल आणि सुट्टीची गर्दीही टळेल.

ठाणेकर

सर, तिथीचा मुद्दा मला मनापासून आवडला. तारखेपेक्षा आपल्या परंपरेत तिथीच अधिक खरी, हेही मान्य. पण मुंबई परिसरात मोसमी पाऊस सर्वसाधारणपणे ११ जूनच्या सुमारास पोहोचतो. १९ जून म्हणजे पहिल्या जोरदार सरींचा काळ. खोपोलीकरांनी जे सांगितले ते वाचल्यावर मी तरी त्या दिवशी जाणार नाही.

कारचालक (बाणेर ते बेलापूर, नोकरीनिमित्त)

पुण्याहून जाणाऱ्यांनी रस्त्याची दिशा विचारात घ्यावी. द्रुतगती मार्गावर शनिवारी सकाळी कोंडी होते ती मुंबईहून लोणावळ्याकडे चढणाऱ्यांची आणि रविवारी संध्याकाळी होते ती मुंबईकडे परतणाऱ्यांची. पुणेकर खोपोलीसाठी सकाळी घाट उतरतो आणि संध्याकाळी चढतो, त्यामुळे रविवारी त्याचा प्रवास दोन्ही वेळा मुख्य लोंढ्याच्या उलट असतो. शनिवारी किंवा शुक्रवारी संध्याकाळी मात्र परतताना बोरघाटात तासन्‌तास अडकण्याची तयारी ठेवावी. उद्यानातील गर्दी पाहून आपण वार ठरवतो आणि दिवसाचा शेवट घाटात करतो, असे माझ्या सहकाऱ्यांच्या बाबतीत वारंवार घडले आहे. सोमवार ते गुरुवार यांपैकी एक दिवस शक्य असेल, तर दुसऱ्या कशाचाही विचार करू नये.

धागाकर्ती

सर, शाळांच्या सहलींचा विचार माझ्या मनात आलाच नव्हता आणि माझा डिसेंबरचा आग्रह त्यामुळे बराच ढिला पडला आहे. मुलगा यंदा दहावीत जाणार असल्यामुळे फेब्रुवारी अशक्य आहे. सर्वांची मते वाचून मी दिनदर्शिका पुन्हा पाहिली आणि मला एक पंधरवडा सापडला. गणपतीविसर्जन २५ सप्टेंबरला आहे आणि घटस्थापना ११ ऑक्टोबरला. या दोहोंच्या मध्ये पितृपक्ष आहे. या काळात समारंभ नसतात, शाळांच्या सहली सुरू झालेल्या नसतात आणि सहामाही परीक्षा अजून काही दिवस लांब असते. २ ऑक्टोबरला शुक्रवार आहे, म्हणजे २ ते ४ हा जोडसुट्टीचा काळ टाळावा लागेल, पण ५ ते ८ ऑक्टोबर हे चारही दिवस मोकळे दिसतात. मुंबई परिसरातून मोसमी पाऊस साधारण ८ ऑक्टोबरच्या सुमारास माघारी फिरतो, त्यामुळे दुपारची सर येऊ शकेल; ती मी स्वीकारायला तयार आहे.

नाशिकची गृहिणी

ताई, मी आजवर आपल्याच बाजूने वाचत होते, पण येथे थांबते. पितृपक्षात प्रवास करू नये असे कोणतेही बंधन नाही, हे मला माहीत आहे. प्रश्न बंधनाचा नाही. तो पंधरवडा आपण गेलेल्या माणसांसाठी राखून ठेवलेला असतो. घरात सासूबाई आहेत आणि सासरे नाहीत, असे आपल्या लिहिण्यावरून वाटते. ज्या पंधरवड्यात त्या आपल्या जोडीदाराच्या नावाने पान वाढतात, त्याच पंधरवड्यात आपण आपल्या जोडीदारासोबतची पंचवीस वर्षे साजरी करायची, हे त्यांना कसे वाटेल, याचा विचार आधी व्हावा. त्या बोलून दाखवणार नाहीत. आपल्या पिढीतील किती सासवा बोलून दाखवतात?

दुसरे असे, की यंदा २७ मे अधिक महिन्यात येत आहे. धोंड्याच्या महिन्यात जावयाला बोलावून अनारशांचे वाण देतात. पंचविसावा वाढदिवस नेमका त्या महिन्यात येणे हे किती दुर्मीळ आहे! त्या दिवशी माहेरी जावे, वाण घ्यावे, जेवण करावे. यजमानांची तारीखही पाळली जाईल.

खोपोलीकर

एक दुरुस्ती सुचवतो. पितृपक्षातील २९ सप्टेंबरला मंगळवार असून त्याच दिवशी संकष्टी आहे. अंगारकीला पालीच्या बल्लाळेश्वराला मोठी गर्दी होते आणि उद्यानाला जाणारा रस्ता तोच आहे. माघातील गणेशजयंतीलाही तसेच होते. ५ ते ८ ऑक्टोबर या दिवसांबद्दल मात्र रस्त्याच्या किंवा हवेच्या दृष्टीने मला काही आक्षेप नाही. तिकिटांचे दर तारखेनुसार बदलतात, तेवढे आधी संकेतस्थळावर पाहून घ्यावे.

ठाणेकर

नाशिकच्या ताईंनी माझा मुद्दा माझ्यापेक्षा चांगला मांडला. मी तारखेचा हट्ट धरला तो दिवसाला अर्थ असतो म्हणून, आणि दिवसाला अर्थ असेल तर पंधरवड्यालाही असतो. तरीही एक सांगतो: ऑक्टोबर नको, डिसेंबर नको, फेब्रुवारी नको असे करत राहिलात, तर तुमचेही आमच्या दहाव्या वाढदिवसासारखे होईल. दिवस कोणताही धरा, पण तिकीट आजच काढा.

धागाकर्ती

नाशिकच्या ताईंचे लिहिणे वाचल्यावर काल रात्री मी सासूबाईंजवळ बसले आणि त्यांना सरळ विचारले. सासऱ्यांची तिथी द्वितीया आहे, म्हणजे त्यांचे श्राद्ध पंधरवड्याच्या सुरुवातीलाच होते. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, की सासऱ्यांना स्वतःला पाळण्यांची भारी हौस होती, जत्रेत ते आधी पाळण्यात बसत आणि मग देवदर्शनाला जात. श्राद्ध झाल्यावर जायला सासूबाईंची हरकत नाही. अट एवढीच, की येताना किंवा जाताना पालीला बल्लाळेश्वराचे दर्शन व्हावे.

२७ मे रोजी आम्ही माझ्या माहेरी जाणार आहोत. यजमानांनी ते आनंदाने मान्य केले. इमॅजिकासाठी मंगळवार, ६ ऑक्टोबर हा दिवस धरला आहे. सकाळी सहाला बाणेरहून निघायचे, उघड्यावरच्या राइड्स आधी करायच्या आणि दुपारी सर आली तर सर्वांनी सासूबाईंसोबत छताखाली बसायचे. तिकिटे आज रात्री काढत आहोत. पालीचे दर्शन उद्यानाच्या आधी घ्यावे की दुसऱ्या दिवशी मुक्काम करून, यावर खोपोलीकरांचे मत हवे आहे.