सिबेलियसचं 'ओशिअनिड्स' ऐकायचं कसं?

रंकाळाकाठ: भावांनो, काल रात्री हेडफोन लावून फिनलंडचा संगीतकार सिबेलियस, त्याचं ओशिअनिड्स हे ऑर्केस्ट्राचं संगीत ऐकलं, दहाएक मिनिटांचंच हाय, सुरुवातीला बासऱ्या लई भारी खेळत्यात पण चाल काय हाताला लागंना, यात गोष्ट असते का नुसता समुद्र?

घाटवाट: गोष्ट अशी नाही रे. ग्रीक पुराणात ओशनस आणि टेथिस या जलदेवतांच्या ३,००० मुली, त्या ओशिअनिड्स. अमेरिकेतल्या नॉरफोकच्या महोत्सवासाठी लिहिलं आणि जून १९१४ मध्ये तिथं त्यानं स्वतः कंडक्ट केलं. बासऱ्या म्हणजे त्या पोरी समज आणि खाली टिंपनी, म्हणजे मोठे नगारे, घुमते तो समुद्र. चाल शोधत बसू नको, लाट कशी चढत जाते तेवढं धर, शेवटाकडं ब्रास, म्हणजे पितळी फुंकवाद्यं, सगळा एकदम उसळतो तिथं माझ्या अंगावर दरवेळी काटा येतो.

सांजवेळ: फिनिश नाव आल्लोत्तारेत, म्हणजे लाटांच्या कन्या, मला तेच जास्त आवडतं. गगनबावड्यावरनं घाट उतरून मालवणला गेलो होतो, सकाळी पाणी शांत, दुपारनंतर वारं सुटलं आणि बघता बघता लाटा खडकावर आपटायला लागल्या, घरी येऊन परत ऐकलं तेव्हा खरं उमजलं.

रंकाळाकाठ: आत्ता परत लावलं. टिंपनी ऐकू आली भावा!