मेक काढला की मरेक्स संपला म्हणे!

विट्याचा लेयरवाला: काल इथं कुणीतरी कोंबड्यांच्या मरेक्स रोगावर लिहिलं, "मरेक्सचा सगळा खेळ त्याच्या विषाणूतल्या एका मेक जीनचा. तो काढलेला विषाणू लस म्हणून टोचा, विषय संपला." डोकं फिरलं. एक पाय पुढं, एक मागं टाकून पडलेली कोंबडी बघितलीय का कधी? चिरली की लिव्हरभर गाठी.

शिरवळचा विद्यार्थी: दादा, तो मीच. २००४ सालीच मेकच्या दोन्ही प्रती काढून बघितल्यात. विषाणू पक्ष्यात वाढला, गाठी झाल्या नाहीत. अजून काय पुरावा हवा?

विट्याचा लेयरवाला: पुढचं पण वाच की. आईकडून प्रतिकारशक्ती न मिळालेल्या पिल्लांत त्याच मेकविना विषाणूनं थायमस न् बर्सा, म्हणजे प्रतिकारशक्तीचे अवयवच, आक्रसले. गाठ नको म्हणून दुसऱ्या रोगांना दार उघडं ठेवू?

कराडचा निरीक्षक: शिवाय मेक एकटा नाही. टेलोमरेजचा, म्हणजे पेशीला वाढत ठेवणाऱ्या एन्झाइमचा, आरएनए विषाणूनं कोंबडीकडनंच उचललाय. तो काढला तरी गाठी खूप घटतात.

पलूसची ताई: जीनचं राहू द्या हो. माझ्या लॉटच्या बिलात "मरेक्स लस दिली" असं लिहिलेलं. सोळाव्या आठवड्यापासून लंगडणं, मग रोज मरतूक. हॅचरीवाला म्हणतो तुमचं शेड घाण!

कराडचा निरीक्षक: ती लस नायट्रोजनच्या टाकीत असते, ताई. बाहेर काढून कालवली की तासा-दोन तासांत संपवायची. चहा पिऊन आले की टोचलं काय न् पाणी टोचलं काय.

पलूसची ताई: आणि शेड?

कराडचा निरीक्षक: तेही खरंच, राग मानू नका. विषाणू पिसांच्या धुळीत महिनोन्‌महिने टिकतो. पहिल्या दिवशी टोचलेली लस लागू व्हायला आठवडाभर जातो. जुन्या लिटरवर, म्हणजे शेडातल्या जुन्या भुश्शावर, पिल्लं सोडली की विषाणू तेवढ्यात गाठतो.

पलूसची ताई: म्हणजे शेवटी चूक माझीच. छान!

गावठीप्रेमी, जत: गावठी पाळा, काही होत नाही.

विट्याचा लेयरवाला: होतं. तुम्ही चिरून बघत नाही, रस्सा करता.

शिरवळचा विद्यार्थी: मूळ मुद्द्यावर या. मरेक्सचा भाऊबंद असलेल्या टर्कीच्या विषाणूत मेक नाहीच, आणि त्याचीच लस आपण टोचतो. मग?

विट्याचा लेयरवाला: ती गाठ अडवते, लागण नाही. टोचलेली कोंबडीसुद्धा विषाणू उडवत बसते.

शिरवळचा विद्यार्थी: बरं, मेक एकटा नाही. पण मेकशिवाय गाठ नाही, एवढं तरी माना.

विट्याचा लेयरवाला: मानलं, प्रोफेसर. आता सांग, त्या लसीची कुपी स्वतः कधी वितळवलीस?

शिरवळचा विद्यार्थी: अजून नाही. दुसऱ्या वर्षाला आहे.